थंड पत्र्याची वेळ

नागपुरात गाडीला पॉलिश करण्याचे दोन हंगाम आहेत आणि दोन्ही उन्हाचे. पहिला चैत्र-वैशाखातला, लग्नसराईचा. नवरदेवाची गाडी फुलांनी सजवायची, तर आधी तिचा रंग उजळून निघायला हवा. दुसरा दसऱ्याचा. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, म्हणजे गाडी लखलखीत हवी. पाऊस ओसरल्यावरचं ऑक्टोबरचं ऊन विदर्भात पुन्हा चटके देतं. या दोन्हींखेरीज तिसरंही एक निमित्त असायचं. मृग लागायच्या आधी, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस चालू असताना, जाणते मालक गाडीला मेणाचा हात देऊन घ्यायचे. पुढचे चार महिने पावसाचं पाणी पत्र्यावर बसणार, ते रंगात मुरू नये म्हणून.

पॉलिशच्या डब्यावर मात्र एक सूचना हमखास छापलेली असते : उन्हात लावू नये, गरम पत्र्यावर लावू नये. डबा एक सांगतो आणि पंचांग दुसरं. या दोहोंमधून वाट काढता काढता आमच्याकडच्या कारागिरांनी एक विद्या उभी केली. माझे बाबा त्यांच्यापैकी एक. कामठी रोडवर त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मी पुढे नागपूरच्याच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकले. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ही संस्था, आणि तेलं, रंग, व्हार्निश यांचं शास्त्र शिकवण्याची तिथली परंपरा जुनी. वर्गात ऐकलेलं संध्याकाळी गॅरेजात ताडून पाहायचं, असं माझं शिक्षण झालं. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. गाडीच्या रंगाचा आणि पॉलिशचा इतिहास कंपन्यांनी, शास्त्रज्ञांनी लिहून ठेवला आहे, पण उन्हात ती चकाकी टिकवण्याची विद्या ज्यांनी कमावली त्यांची नोंद कुठेच नाही. तो इतिहास या दोन्ही बाजूंनी सांगायला हवा.

मोटारीच्या आधी बग्गी होती आणि सुरुवातीच्या मोटारीला बग्गीचाच रंग मिळाला. जवसाच्या तेलात घोटलेला रंग, त्यावर कोपलच्या डिंकाचं व्हार्निश. हा कोपल झाडांच्या चिकातून घट्ट झालेला, जमिनीतून खणून काढलेला. पूर्व आफ्रिकेचा उत्तम कोपल झांझिबारहून निघे आणि त्यातला काही मुंबई बंदरातून पुढे जाई. बग्गीचं रंगकाम म्हणजे आठवड्यांचं काम. आधी अस्तर, मग खरखरीत लेप, तो प्युमिसच्या दगडानं आणि पाण्यानं घासून सपाट करायचा, मग रंगाचे हात, मग व्हार्निशचे हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. तेलाचा रंग हवेतला प्राणवायू घेत घेत वाळतो. तो घाई करत नाही आणि करूही देत नाही. ओल्या व्हार्निशवर धुळीचा कण बसला की तिथे खडा उमटायचा, म्हणून रंगाच्या खोलीत जमिनीवर पाणी शिंपडून ठेवायचे. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात, जिथे सरकारी कारभार उन्हाळ्यात पचमढीला जाई, तिथे अशा बग्गीचं व्हार्निश दोन-चार उन्हाळ्यांत तडकत असणार हे रसायनशास्त्र जाणणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. लाकूड उन्हात आटतं, पावसाळ्यात फुगतं, आणि वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही.

अमेरिकेत मोटारी हजारांनी बनू लागल्या तेव्हा हीच संथपणाची अडचण कारखान्यांना भोवली. फोर्डची टी मॉडेल १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे. तो काळा रंग डांबराच्या जातीचा, स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत लवकर वाळणारा. इतर रंग हवे असतील, तर वाळणाऱ्या गाड्या आठवडेच्या आठवडे ठेवायला जागा लागायची. ही कोंडी फोडली न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेनं. जुलै १९२० मध्ये तिथे नायट्रोसेल्युलोजचं एक वेगळंच, दाट पण पातळ पसरणारं द्रावण हाती लागलं. कापसावर आम्लांची क्रिया करून बनवलेला हा पदार्थ फिल्म बनवण्यासाठी वापरात होताच. आता त्यात भरपूर रंग मिसळता येऊ लागला, आणि तरी तो फवारता येत होता. १९२१ मध्ये तो व्हिस्कोलॅक नावानं विकला गेला. मग जनरल मोटर्सच्या मदतीनं सुधारून त्याचं नाव ड्यूको झालं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर निळ्या रंगात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. आठवड्यांचं काम दिवसांवर, पुढे तासांवर आलं.

आमच्या धंद्याच्या दृष्टीनं ड्यूकोचा सगळ्यात मोठा परिणाम वेगळाच झाला. तेलाचं व्हार्निश वाळताना स्वतःच सपाट होतं आणि चमकतं. नायट्रोसेल्युलोजचा रंग फवारल्यावर मंद दिसतो, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत राहतो. त्याची चमक घासूनच काढावी लागते. म्हणजे पॉलिश हा रंगकामाचा शेवटचा टप्पा झाला, आणि गाडी घरी गेल्यावरही तो चालूच राहिला. उन्हातली अतिनील किरणं रंगातल्या बांधणाऱ्या द्रव्याचे रेणू तोडतात. ते तुटले की रंगाची पूड पृष्ठभागावर मोकळी पडते. गाडीवरून हात फिरवला की तळव्याला रंग लागतो, तो याच पुडीचा. लाल गाड्यांचं हे फार लवकर होई. ती मेलेली कातडी घासून काढायची आणि खालचा ताजा रंग वर आणायचा, हे पॉलिशचं काम. तो ताजा रंग पुन्हा लवकर मरू नये म्हणून त्यावर पांघरूण घालायचं, हे मेणाचं. बाबा ही दोन कामं कधी एकमेकांत मिसळू देत नसत.

या गरजेवर शिकागोत मोठा धंदा उभा राहिला. १९१० च्या सुमारास तिथे सिमोनाइझ हे मेण-पॉलिश सुरू झालं. १९४१ मध्ये त्याच शहरात बेन हर्श नावाच्या माणसानं प्लास्टोन हे पातळ मेण बाजारात आणलं, त्याचंच पुढे टर्टल वॅक्स झालं. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं एकच मडगार्ड चमकवायचं आणि मालक परत येईपर्यंत थांबायचं, अशी त्याची विक्रीची रीत होती. एका बाजूला चमक, दुसऱ्या बाजूला मळकट रंग. मालकाला वेगळं काही पटवून द्यावं लागत नसे.

पण या सगळ्या डब्यांमधला खरा नायक शिकागोचा नव्हता. तो ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियाउई या कोरड्या मुलखात वाढतो. कार्नौबा हा पंख्यासारख्या पानांचा ताड. तिथला उन्हाळा लांब आणि पाऊस बेभरवशाचा. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा पातळ थर चढवतं. हवा जितकी कोरडी, तितकं मेण जास्त. पावसाळा सरून कोरडा काळ आला की लांब बांबूला विळे बांधून पानं कापतात, उन्हात पसरून वाळवतात. पान आक्रसलं की मेण सुटं होऊन पुडीसारखं गळू लागतं. ते झोडपून काढायचं, वितळवायचं, गाळायचं, थंड करून त्याचे खडे फोडायचे. कोवळ्या, न उमललेल्या पानांचं मेण फिकट पिवळं आणि सर्वांत मोलाचं. जून पानांचं काळपट.

मला या झाडाविषयी विलक्षण आदर आहे. उन्हापासून वाचण्यासाठी त्यानं जे स्वतःसाठी बनवलं, तेच माणसानं आपल्या मोटारीला दिलं. आकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. पॅराफीनच्या बऱ्याच जाती त्याच्याही आधी. कार्नौबाला ८२ ते ८६ अंश लागतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्यावर उभ्या काळ्या गाडीचं टप ७० अंशांच्या आसपास तापतं. नुसत्या मधमाशीच्या मेणाचा थर तिथे मऊ पडणार, चिकट होणार आणि लूबरोबर आलेली सगळी धूळ धरून ठेवणार. कार्नौबा घट्ट राहतो. एकटा तो इतका कडक की कापडानं पसरताच येत नाही, म्हणून त्यात मऊ मेणं आणि टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रव्य मिसळतात. डब्यातलं घट्ट मेण हे असं मिश्रण असतं.

विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावची एस. सी. जॉन्सन ही कंपनी १८८६ मध्ये लाकडी फरशीच्या व्यवसायातून सुरू झाली आणि फरशीच्या मेणानं मोठी झाली. तिचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ मध्ये सिकोर्स्की एस-३८ या पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानानं रेसीनहून थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेले. पुरवठा पुढेही पुरेल का, हे झाडापाशी जाऊन पाहायचं होतं. विमानाचं नावही कार्नौबाच होतं. १९९८ मध्ये त्यांच्या मुलानं तशाच विमानाची प्रतिकृती बनवून तोच प्रवास पुन्हा केला. या प्रवासावर पुस्तकं झाली, चित्रपट झाला. पानं कापणाऱ्या, मेण झोडपणाऱ्या सिआराच्या मजुरांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत. धंद्याच्या या टोकाला जे झालं, तेच दुसऱ्या टोकाला, कामठी रोडवर झालं.

आता आपल्याकडे येऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तिथे बनू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसॅडर १९५७-५८ पासून निघत होती, ती २०१४ पर्यंत निघत राहिली. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं घरात राही. मुलीच्या बारशाला जी गाडी आणली, तीच तिच्या लग्नात सजे. मूळ रंग इतकी वर्षं पुरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून दर सात-आठ वर्षांनी गाडी रंगाला यायची आणि मधल्या काळात पॉलिशला.

गॅरेजात नायट्रोसेल्युलोजचाच रंग वापरला जाई. त्याला भट्टी लागत नाही, थिनर उडाला की तो वाळतो. पण पावसाळ्यात हाच गुण अवगुण होई. थिनर उडताना पत्र्यावरची उष्णता घेऊन जातो, पत्रा थंड पडतो, आणि हवेत ओल असेल तर ती दव होऊन ताज्या रंगावर बसते. रंग पांढरा फुटतो. म्हणून आषाढ-श्रावणात बाबा रंगाचं काम घेत नसत. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने उत्तम, पण तेवढ्यात सगळी कामं बसत नसत. उरलेली सगळी उन्हाळ्यावर जायची. नायट्रोसेल्युलोजच्या रंगाला पॉलिश अटळ, म्हणून पॉलिशही उन्हाळ्यात यायचंच. उन्हातल्या पॉलिशचं मूळ जितकं लग्नाच्या मुहूर्तांत आहे, तितकंच ते या रंगाच्या स्वभावात आहे.

आता ते काम कसं चाले, हे जरा सावकाश सांगते, कारण ते लिहून ठेवलं गेलेलं नाही.

वेळ पहाटेची. मे महिन्यात नागपुरात रात्रीचा पाराही कधी कधी ३० च्या खाली उतरत नाही, पण पहाटे साडेचार-पाचला पत्रा हाताला थंड लागतो. गाडी रात्रीच आणून ठेवलेली असायची. सकाळी चालवत आणली तर इंजिनच्या उष्णतेनं बॉनेट तापलेलं राहतं आणि तास-दीड तास वाया जातो. गाडी टिनाच्या शेडखाली ठेवायची नाही, कारण टिन उन्हाच्या पहिल्या तासातच वरून तापू लागतं. झाडाखालीही नाही. कडुनिंबाचा मोहर गळतो, आंब्यावरचा मध टिपकतो, पाखरं बसतात. बाबा गाडी गॅरेजच्या पश्चिमेच्या भिंतीला लावून उभी करत. सकाळी नऊपर्यंत तिथे भिंतीची सावली असते आणि भिंत रात्रभर गार झालेली असते. जमिनीवर पाणी मारायचं, गाडीवर नाही.

गाडी आदल्या संध्याकाळी धुतलेली असे, आणि तीही नळाच्या पाण्यानं. बोअरचं पाणी आमच्याकडे जड. तापलेल्या पत्र्यावर ते क्षणात वाळतं आणि थेंबाच्या जागी चुन्याचं पांढरं वर्तुळ राहतं. ते नुसत्या पुसण्यानं जात नाही. म्हणून पाणी ओतून सोडून द्यायचं नाही, एक बाजू धुवायची आणि ती कोरडी पुसल्यावरच दुसरीला हात लावायचा.

पहाटे पहिलं काम रबिंगचं. रबिंग पेस्ट म्हणजे बारीक घासणारी पूड आणि तिला ओलं ठेवणारं तेल-पाणी. कापडाचा बोळा करून सरळ रेषेत, गाडीच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. गोल फिरवलं तर उन्हात गाडी उभी राहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. दरवाजाच्या कडा, बॉनेटची धार, मडगार्डचा उंचवटा, इथे रंग मुळात पातळ असतो, तिथे हात हलका. जोर लागला की धार उघडी पडते, खालचं अस्तर दिसू लागतं. गरम पत्र्यावर हेच काम केलं तर पेस्टमधलं पाणी उडतं, कोरडी पूड दाण्यासारखी रंगावर फिरते आणि चमक आणण्याऐवजी ओरखडे पाडते.

मग मेण. डबा पाण्याच्या बादलीत ठेवलेला असे, म्हणजे मेण फार पातळ होत नाही. डिसेंबरात तोच डबा उन्हात ठेवत. लावायचं ते इतकं पातळ की पाहणाऱ्याला वाटावं काही लावलंच नाही. एका वेळी एकच भाग. एक दरवाजा पुसून झाल्याशिवाय दुसऱ्याला मेण लागत नसे. मेण लावून धुकं आलं की बोट फिरवून पाहायचं. बोटाखाली स्वच्छ रंग दिसला तर पुसायची वेळ झाली, चिकट रेघ उमटली तर थोडं थांबायचं. पत्रा गरम असेल तर ही परीक्षा फसते. मेणाला पसरवणारं द्रव्य आधीच उडून जातं, मेण जिथल्या तिथे धरून बसतं, आणि पुसायला गेलं की ढगांसारखे पट्टे उमटतात. अशा वेळी जोर करायचा नाही. त्याच मेणाचा ताजा हात वरून द्यायचा. नव्या मेणातलं द्रव्य जुन्याला विरघळवतं, आणि लगेच पुसलं तर दोन्ही निघून येतात. माझ्या पाठ्यपुस्तकात द्रावक आणि द्राव्य यांचं प्रकरण होतं. त्याचा इतका थेट उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

पुसायची कापडं घरातून येत. आईची, आजीची जुनी सुती लुगडी, अनेक धुण्यांनी मऊ झालेली. खळ असलेलं नवं कापड चालत नसे. काठ, शिवण, गाठ आधी कापून टाकायची. पहिल्या पुसण्याला लुगडं, दुसऱ्याला बनियनचं कापड, शेवटी फ्लॅनेल. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावायचं नाही, त्याची रवानगी चाकांकडे.

बाबांच्या हाताखाली वर्धा रोडच्या खेड्यांतून आलेली मुलं असत. त्यांना बाबा पहिला धडा एकच देत : "पत्र्यावर हात ठेवून पाय आधी. हात ठेववत नसन, तं डबा उघडू नको." वर्गातली तापमापी आणि हा तळहात यांचा निष्कर्ष एकच असतो, हे मी नंतर पाहिलं. माणसाचा तळहात साधारण ४५ अंशांच्या पुढे पत्र्यावर फार वेळ टिकत नाही, आणि मेण लावायचं काम त्याच्या खालीच करायचं असतं. ज्यांच्याकडे उपकरण नव्हतं, त्यांनी शरीराचंच उपकरण केलं, आणि ते अचूक होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन आलं, आणि काही काळानं ते आपल्या दुकानांतही पोचलं. सिलिकोनचं तेल उष्णतेला दाद देत नाही, सहज पसरतं, पाणी झटकतं, घासण्याची मेहनत वाचवतं. मालकांना ते फार आवडलं. रंगारी मात्र त्याच्या नावानं सावध होत. सिलिकोन लावलेली गाडी पुढे रंगाला आली आणि पत्रा नीट धुतला गेला नसला, तर नवा रंग त्या जागेवरून सरकतो. ठिपक्याठिपक्यांचे खळगे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे, आणि पूर्ण भाग पुन्हा खरवडून काढावा लागतो. आज चमकवलेल्या गाडीवर आठ वर्षांनी कुणीतरी रंगाचा हात देणार आहे, याचं भान ठेवून बाबा मेण निवडत. गाडी एकाच कुटुंबात वीस वर्षं राहत होती आणि पुन्हा आपल्याच गॅरेजात येणार होती. ही जबाबदारी त्या काळाच्या चालीतूनच आलेली होती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या दोन दशकांत या साऱ्याचा पायाच बदलला. गाड्या मुबलक झाल्या, लवकर बदलू लागल्या. धातूच्या कणांचे, चमचमणारे रंग आले आणि त्यांच्याबरोबर रंगावर पारदर्शक थर चढवण्याची पद्धत आली. आता रंगाचा थर आत आणि त्यावर ४०-५० मायक्रॉनचं स्वच्छ लॅकर. पुसताना कापडाला रंग लागणं बंद झालं. गॅरेजांतही नायट्रोसेल्युलोज मागे पडून दोन द्रव्यं मिसळून पक्का होणारा पॉलियुरेथेन रंग आला, भट्टीची खोली आली. हाताच्या बोळ्याची जागा लोकरीच्या आणि फोमच्या चकत्या लावलेल्या यंत्रांनी घेतली.

थर नवा असला तरी ऊन तेच आहे. पाखराची विष्ठा उन्हात पडून राहिली तर लॅकर गरम होऊन किंचित मऊ पडतं, वाळणारी विष्ठा आक्रसते, आणि संध्याकाळी थंड होताना लॅकर तिच्याच आकारात घट्ट होतं. तो डाग पुसून जात नाही. यंत्राची चकती स्वतः घर्षणानं तापते, त्यात पत्रा आधीच तापलेला असेल तर लॅकर भाजतं. गेल्या काही वर्षांत आलेलं सिरॅमिक कोटिंग हे सिलिकाच्या जातीचं, पत्र्यावर रासायनिक क्रियेनं घट्ट होणारं. गरम पत्र्यावर ते पुसायला वेळ मिळण्याआधीच धरतं आणि मग ते उतरवायला पुन्हा घासकाम करावं लागतं. म्हणून कोटिंगच्या दुकानांमध्ये वातानुकूलित खोल्या असतात, गाडी आत आणून तासभर थंड होऊ देतात, पत्र्यावर तापमापी रोखतात. त्यांच्याकडच्या प्रत्येक नियमाला मी बाबांच्या गॅरेजातला जोडीदार दाखवू शकते : सावली, थंड पत्रा, एका वेळी एक भाग, स्वच्छ मऊ कापड, आणि पुसण्याची नेमकी वेळ. व्हार्निश गेलं, ड्यूको गेलं, मेणाची जागा काचेसारख्या थरानं घेतली, पण शंभर वर्षांत यातला एकही नियम रद्द झाला नाही. रसायनं शिकागोहून, न्यू जर्सीहून, ब्राझीलहून आली. तिथल्या डब्यांवर एका ओळीत जे छापलेलं असे, ते आमच्या ४५ अंशांत कसं पाळायचं, हे मात्र इथे हातांनी शोधलं.

आजही नागपूरच्या, पुण्या-मुंबईच्या वसाहतींत गाड्या पुसणारी माणसं पहाटे पाचला कामाला लागतात. मालक आठला निघतात, हे एक कारण. पण त्यांना विचारलं तर ते दुसरंही सांगतात, की ऊन आल्यावर पाण्याचे डाग पडतात. कुणी त्यांना वर्गात शिकवलेलं नाही. ही त्याच परंपरेतली समज आहे आणि तिची किंमत महिन्याच्या मोजक्या रुपयांत होते.

नायट्रोसेल्युलोजवर हात बसलेले जुने रंगारी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या वापरातली कापडं, पेस्ट, डबे, पत्र्यावर तळहात ठेवून केलेले अंदाज, पावसाळ्यात रंग फुटू नये म्हणूनच्या त्यांच्या युक्त्या, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं पाहिजे. रंगशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या संस्थेसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम द्यावं, असं मी माझ्या जुन्या प्राध्यापकांना कळवलं आहे. मोटारींची संग्रहालयं गाड्या जपतात. त्या गाड्यांना उन्हात पन्नास वर्षं उभं राहण्याचं बळ ज्यांनी दिलं, त्यांचं ज्ञानही तितक्याच आदरानं जपायला हवं. जुन्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणणाऱ्यांना उद्या याच ज्ञानाची गरज लागणार आहे, कारण १९६४ च्या फियाटवर त्या काळच्या गॅरेजातला रंग हवा असेल, तर तो नायट्रोसेल्युलोजचाच द्यावा लागेल. त्याला चमक हातानंच घासून आणावी लागेल, आणि ते घासणं ऊन चढायच्या आत पूर्ण करावं लागेल.